सत्काराच्या ट्रेमधले चार काटे

आमच्या मोटरसायकलवर पाच घड्याळं होती आणि त्यातलं एकही वेळ दाखवत नव्हतं.

घड्याळं हा आमच्या आळीचा शब्द. मी ‘गेज’ म्हणायचो. (मी एकटाच म्हणायचो.) एक इंजिनातलं ऑइल किती तापलंय ते सांगणारं, एक ऑइलच्या दाबाचं, एक बॅटरीचं, एक दिशा दाखवणारं आणि पाचवा गाडीचा जन्मजात स्पीडोमीटर. हा पाचवा, मी गाडी विकत घेतली त्याच्या आधीच कधीतरी चाळीसवर येऊन थांबला होता. गाडी पळत असो, उभी असो नाहीतर पंक्चर होऊन भिंतीला टेकलेली असो, तिचा वेग ताशी चाळीस.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची. मी तेव्हा महाडच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होतो. परीक्षानळ्या धुणे, बाटलीतला बेडूक वर्गात नेणे आणि तास संपला की तोच बेडूक परत आणणे अशी जबाबदारीची कामं माझ्याकडे होती. अशा माणसाला कन्याकुमारीपर्यंत मोटरसायकलने जावंसं वाटणं साहजिक आहे. म्हणून मी साडेतीनशे सीसीचं एक जुनं धूड घेतलं. त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पेट्या लावल्या, पुढे भली मोठी काच बसवली, मागे कॅरियर ठोकला. गाडी लांबच्या प्रवासाला तयार झाली. मग मी तिच्यावर बसून रायगडाखालच्या पाचाडपर्यंत जायचो, पिठलं-भाकरी खायचो आणि दुपारच्या आत घरी यायचो.

कन्याकुमारी अडली होती ती फक्त गेजपायी. लांब जायचं तर इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते कळायला नको का, असं मी भेटेल त्याला सांगत असे. हे ऐकून ऐकून कंटाळलेला माझा शाळासोबती इक्बाल, जो दासगावचा आणि आखातात एका गॅरेजात कामाला होता, त्याने सुट्टीवर येताना चार गेज आणले. मोडीत निघालेल्या एका मोटारीतून काढलेले, निकेलच्या कड्यांचे, काळ्या तबकडीचे. बाकीच्यांना अत्तराच्या बाटल्या आणि मला हे.

“माल अमेरिकन हाय, दिलीप,” तो म्हणाला. “काटा खोटं बोलणार नाय.”

मी त्याला मिठी मारली. या सगळ्या प्रकरणात पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं बोललेला तो एकच माणूस.

गेज बसवायला बाळू मिस्त्रीने तीन रविवार घेतले. पहिला रविवार पत्रा शोधण्यात गेला. चार गेज एका ओळीत बसतील असा चकचकीत, न गंजणारा, हँडलच्या रुंदीचा पत्रा महाडच्या बाजारात मिळेना. आमच्या घरात मिळाला. आण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त झाले तेव्हा मालकाने त्यांना सत्कारात स्टीलचा एक लांबट ट्रे दिला होता. त्यावर आण्णांचं नाव, हुद्दा आणि ‘प्रदीर्घ व अपघातरहित सेवेबद्दल सप्रेम भेट’ असं कोरलेलं होतं. मी ट्रे पिशवीतून नेला. मिस्त्रीने त्याला चार वाटोळी भोकं पाडली. भोकांतून वाचून जे उरलं ते असं: आण्णांच्या नावाची शेवटची दोन अक्षरं, ‘व अपघात’ आणि ‘सप्रेम भेट’. गाडीवर बसलं की बरोबर डोळ्यांसमोर यायचं.

दुसऱ्या रविवारी ऑइलच्या तापमानाचा गेज लागला. त्याची तांब्याची बारीक नळी मोटारीच्या मापाची, म्हणजे सहा फूट लांब. मोटरसायकलला दीड फूट पुरते. मिस्त्रीने ऑइलच्या झाकणाला भोक पाडून नळीचं टोक आत सोडलं आणि उरलेल्या नळीची जिलेबी करून हँडलला बांधली. तिसऱ्या रविवारी बाकीचे तीन. दाबाच्या गेजसाठी इंजिनाला आणखी एक भोक पाडा असं मी म्हटलं, तर मिस्त्रीने पाना खाली ठेवला. म्हणाला, अजून एक भोक पाडलं तर ते इंजिन राहणार नाय, पिठाची चाळण होईल. तेव्हा दाबाचा गेज शोभेला. बॅटरीचा गेज बारा व्होल्टचा आणि माझी गाडी सहाची, त्यामुळे त्याचा काटा तळाशी आडवा पडला तो कायमचा. दिशादर्शक नेमका हॉर्नच्या शेजारी बसला आणि हॉर्नमधल्या लोहचुंबकालाच उत्तर ध्रुव समजू लागला. थोडक्यात, पाच घड्याळांपैकी एक चालू होतं.

पण ते एक चालू होतं. आणि त्यानेच घात केला.

ट्रेचं कळल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आण्णा चिडतील असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. आण्णांनी तीस वर्षं महाडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा ट्रक चालवला होता. त्या ट्रकच्या डॅशबोर्डवर सहा काटे होते आणि सहाही पहिल्याच वर्षी मेले. तेव्हापासून आण्णांनी गाडी कानाने आणि नाकाने हाकली. इंजिनाचा सूर जरा बदलला की ते थांबायचे. पुढच्या गाडीचं ब्रेक लायनर जळतंय हे वासावरून सांगायचे. असा माणूस माझ्या गाडीपुढे स्टूल घेऊन बसला. मी किक मारली. थोड्या वेळाने काटा थरथरला आणि वर सरकला.

“हलतोय की रे,” आण्णा म्हणाले.

तीस वर्षांत त्यांनी जिवंत काटा पाहिला नव्हता. अर्धा तास ते तसेच बसून राहिले. मग आत जाऊन हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आले, कारण गाडीला नवा पार्ट बसला की पूजा करायची हा ड्रायव्हरचा रिवाज. त्यांनी चारही काचांवर एकेक ठसठशीत बोट ओढलं. तापमानाच्या काचेवर जरा जास्तच मायेने, तबकडीच्या खालच्या अंगाला, वर दोन अक्षता. हे कुंकू पुसायचं नसतं. आपोआप जाईल तेव्हा जाईल.

आता शैलाकडे यायला हवं, कारण यातलं जे काही खरोखर महत्त्वाचं होतं ते तिचं होतं. शैला माझी धाकटी बहीण, सव्वीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची. चार स्थळं येऊन गेली होती. दोन पत्रिकेवरून मोडली, एक उंचीवरून, आणि चौथं का मोडलं ते त्यांनी कळवलंच नाही. हे पाचवं. मुलगा वाईचा, नाव संजय, नोकरी महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत, परमनंट. तिथे तो नेमकं काय करतो हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. परमनंट म्हटल्यावर आमच्याकडे पुढचं विचारत नाहीत.

स्थळ मध्यस्थाने आणलं असं घरात सगळे समजत होते. प्रत्यक्षात तो आणि शैला वर्षभर एकाच एसटीने जात-येत होते, आणि त्यानेच मध्यस्थ शोधून आमच्याकडे पाठवला होता. हे फक्त मला माहीत होतं. अडचण एकच होती. संजयचे वडील नव्हते, घरात शब्द चालायचा थोरल्या चुलत्यांचा. हे तात्या फौजेतून निवृत्त झालेले. दुसऱ्या एका पुतण्याच्या वेळी मुलीकडचे चाळीस मिनिटं उशिरा आले म्हणून त्यांनी ताटावरून उठून नकार दिला होता. आम्हाला त्यांनी निरोप धाडला: सुपारी साडेबाराला फुटेल. साडेबारा म्हणजे साडेबारा.

आदल्या संध्याकाळी मी गाडी पुसत होतो तेव्हा शैला बाहेर आली.

“दादा, मला हाच मुलगा करायचाय,” ती म्हणाली. “तू फक्त आण्णांना वेळेवर आण. आयुष्यात पुन्हा तुझ्याकडे काय मागणार नाय.”

मी तिला म्हटलं की माझ्या गाडीवर आण्णांचा भरवसा आहे. ती ट्रेकडे बघत राहिली.

आण्णांना मीच का आणायचं? बाकीची मंडळी जीपने जाणार होती. पण दुसऱ्याने चालवलेल्या चारचाकीत आण्णांना बसवत नसे. ते मागे बसून हवेतच क्लच-ब्रेक दाबायचे आणि वळणावळणाला सूचना करायचे. मागच्या खेपेस जीपवाल्याने वाटेत लोहारे गावात गाडी थांबवून चावी त्यांच्या हातात ठेवली होती. आता तो म्हणाला, आण्णा सोडून कोणालाही नेतो. मुलीच्या बापाशिवाय सुपारी फुटत नाही. तेव्हा बाप माझ्या मागच्या सीटवर आला.

तुळशीचं लग्न लागून आठवडा झाला होता. हवा स्वच्छ, रस्ता तीन तासांचा आणि आमच्या हाताशी साडेपाच तास. सकाळी सातला आम्ही निघालो. डाव्या पेटीत पेढ्यांचा पुडा आणि आण्णांचं कोरं जरीकाठी उपरणं. उजव्या पेटीत आण्णांचा पाच लिटरचा पाण्याचा कॅन, कारण ड्रायव्हर घाटात पाण्याशिवाय शिरत नाही. सुपारी आण्णांच्या खिशात. निघताना गार इंजिनावर काटा शंभरवर टेकलेला होता. शंभराच्या खाली आकडेच नव्हते. (विज्ञानाच्या माणसाला इथे एक शंका यायला हवी होती. मला आली नाही.)

पोलादपूरला चहा घेतला तेव्हा काटा एकशे पन्नासवर. स्टँडसमोरच्या चहावाल्याला मी काटा दाखवला, पानवाल्यालाही दाखवला. मग आंबेनळी घाट सुरू झाला आणि माझ्या खांद्यावरून आण्णा आकडे पुकारू लागले. एकशे साठ. एकशे पंच्याहत्तर. कापडे गाव मागे टाकलं तेव्हा एकशे नव्वद. आणि दोन वळणांनंतर आण्णा माझ्या कानात म्हणाले, “दोनशे.”

मी गाडी कडेला घेतली.

“आवाज बरा येतोय रे,” आण्णा म्हणाले. “वास पण नाय. चल.”

“आण्णा, दोनशे डिग्री. पाणी शंभराला उकळतं. हे दुप्पट झालं.”

“पण माझा कान सांगतोय...”

“कानावर गाडी चालवायचे दिवस गेले आता.”

हे वाक्य मी बोललो. कानाच्या भरवशावर तीस वर्षं एकही अपघात न करणाऱ्या माणसाला बोललो, आणि तेही ज्याच्यावर त्याच्या सेवेची पावती कोरलेली होती त्या ट्रेकडे बोट दाखवून. आण्णांनी एकदा ट्रेकडे बघितलं. मग त्यांनी मान डोलावली. ती मान आठवली की मला अजून लाज वाटते.

पण एकदा मान डोलावल्यावर आण्णा माझ्यापेक्षा कडक झाले. त्यांनी नियम केला: दोनशेला थांबायचं, काटा एकशे पन्नासवर आल्याशिवाय निघायचं नाही. पन्नास डिग्री उतरायला वीस मिनिटं लागायची आणि चढायला पाच. मी मनात त्रैराशिक मांडलं आणि पुसून टाकलं.

दुसऱ्या थांब्याला आण्णा कॅन घेऊन गाडीभोवती फिरले.

“रेडिएटर कुठं हाय?”

“हिला रेडिएटर नसतो. वाऱ्यावर गार होते.”

“मंग पाणी कुठं घालू?”

“घालायचंच नाय.”

आण्णांना हे पटणं शक्य नव्हतं. तापलेल्या गाडीला पाणी न पाजणं हे त्यांच्या लेखी तहानलेल्या म्हशीला दाव्याला बांधून ठेवण्यासारखं होतं. तिसऱ्या थांब्याला मी दरीकडे तोंड करून उभा असताना मागून चर्र असा आवाज आला आणि वाफेचा लोट उठला. वळून बघतो तर आण्णांनी डाव्या पेटीतलं जरीकाठी उपरणं ओलं करून इंजिनाला गुंडाळलं होतं. गार इंजिनावर ते छान दिसलं असतं. तापल्यावर मात्र ते चिकटलं. काढायला गेलो तर अर्धं हातात आलं. मघाशी जो वास नव्हता तो आता सुरू झाला. आणि उपरणं काढताना पेटी उघडी राहिली होती, त्यामुळे पेढ्यांचा पुडा घेऊन एक माकड कठड्यावर जाऊन बसलं. त्याने एक पेढा खाल्ला, आमच्याकडे बघितलं आणि बाकीचे पोरांना बोलावून वाटले.

चौथ्या थांब्याला सुटकेची वाट स्वतःहून चालून आली. कुंड्यांनी खचाखच भरलेला एक टेम्पो आमच्यापाशी थांबला. चालवणारा किसन, जो एके काळी आण्णांच्या ट्रकवर क्लीनर होता. त्याने खाली उतरून आण्णांच्या पाया पडून विचारलं, काय झालं. सगळं ऐकून घेतलं, इंजिनाला कान लावला, माझ्याकडे बघितलं. मग अदबीने म्हणाला की मागे जागा नाही, पण केबिनमध्ये आण्णा आरामात बसतील, साडेबाराच्या आत वाईला सोडतो.

मी म्हटलं, आण्णा, जा. खरोखर मनापासून म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर शैला होती.

“गाडी आजारी हाय,” आण्णा म्हणाले. “आजारी गाडी घाटात टाकून डायवर जात नाय. तुला शिकवलं होतं का नाय, किसन?”

“शिकवलं होतं, आण्णा.”

“मंग?”

किसनने पुन्हा नमस्कार केला आणि तो गेला. आजारी गाडी! ती बिचारी त्या वेळी इतकी धडधाकट होती की आम्हा दोघांना आणि आणखी एकाला घेऊन वर चढली असती. पण ती आजारी आहे असं आण्णांना पटवून देणारा डॉक्टर मीच होतो, आणि मीच तिथे उभा राहून त्यांच्या निष्ठेपुढे हतबल झालो होतो.

पाचव्या थांब्याला पावणेअकरा. सहाव्याला, वाडा-कुंभरोशीच्या अलीकडे, सव्वाअकरा. इथे आण्णांची नजर दाबाच्या गेजवर गेली.

“हा काटा तर शून्यावर हाय. ऑइल संपलं?”

“तो जोडलेला नाय.”

“मंग लावला कशाला?”

“शोभेला.”

आण्णांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं फक्त एकदाच बघितलं होतं, मी दहावीला गणितात गेलो तेव्हा.

आठ थांबे झाले. महाबळेश्वरच्या बाजारात शिरलो तेव्हा पावणेएक वाजून गेले होते. म्हणजे साडेबाराची सुपारी आम्ही वर डोंगरावर असतानाच हुकली. तिथून मी काट्याकडे बघणं सोडलं. आण्णांनीही आकडे पुकारणं सोडलं. पाचगणी गेली, पसरणीचा घाट गेला. मला फक्त शैलाचं ते वाक्य ऐकू येत होतं, आयुष्यात पुन्हा काही मागणार नाय. तिने मागितलेली ती एकच गोष्ट होती आणि ती अवघडही नव्हती. एका माणसाला मागे बसवून आणायचं. दूधवालेही रोज मागे कॅन अडकवून वेळेवर आणतात.

आम्ही वाईला त्यांच्या दारात पोहोचलो तेव्हा दोन वाजायला दहा कमी होते. जीपवाला बॉनेटला टेकून उभा. आई पदर डोळ्यांना लावून ओट्याच्या टोकाला. शैला आतल्या दारात, हिरव्या साडीत, चेहरा पांढराफटक. ओट्याच्या मधोमध तात्या, डोक्यावर टोपी, पायात चपला, बाहेर निघालेले. आम्ही उतरलो. आण्णांच्या खांद्यावर अर्धं जळकं उपरणं, माझ्या तोंडावर काजळी, दोघांच्याही अंगाला जळक्या जरीचा वास.

तात्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“घड्याळ न्हाय का तुमच्याकडं?”

“हाय की,” आण्णा खरं तेच बोलले. “पाच हायत.”

तात्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. त्यांनी पाचही मोजली. मग त्यांनी काही बोलायच्या आधी मी पुढे झालो आणि सगळं भडाभडा सांगितलं. इंजिन दोनशेवर गेलं, दोनशे दहावर गेलं, आम्ही आठ वेळा थांबलो, नसतो थांबलो तर स्फोट झाला असता, आण्णा आज तुम्हाला दिसले नसते.

हे चालू असताना संजय ओटा उतरून गाडीपाशी गेला होता. बारीक अंगाचा, शांत मुलगा. त्याने झाकणातून आत गेलेली नळी बघितली, हँडलवरची जिलेबी बघितली. मग तो तापमानाच्या काचेसमोर वाकला. अंगठा ओला केला, आण्णांकडे बघून परवानगी मागावी तशी मान लववली आणि तबकडीच्या खालच्या अंगाचं कुंकू अलगद पुसलं.

“दादा,” तो मला म्हणाला, “हे फॅरनहाइटमध्ये आहे.”

मी वाकलो. कुंकवाच्या खाली इंग्रजी एफ होता. चांगला ठळक.

“दोनशे दहा म्हणजे आपले नव्व्याण्णव,” तो म्हणाला. “चढावर ऑइलला एवढं लागतंच. गाडीला काही झालेलं नव्हतं.”

मग ओट्याच्या टोकावरून आई म्हणाली, “म्हंजे डॉक्टराच्या थर्मामीटरागत? एकशे दोन ताप म्हणतात तसं?”

“हो, अगदी तेच,” संजय म्हणाला.

आमच्या घरात पहिल्यांदा कळलं ते आईला. आण्णांनी विचारलं, तुम्ही कंपनीत काय करता? तो म्हणाला, इन्स्ट्रुमेंटला आहे, प्लांटमधले सगळे मीटर मी बघतो. आणि मग त्याने अगदी सहज, कसलाही वाईट हेतू नसताना, मला विचारलं, “दादा, आपण काय करता?”

माझ्या प्रयोगशाळेत दारासमोर एक तक्ता होता. डावीकडे सेल्सिअस, उजवीकडे फॅरनहाइट. दर शनिवारी तो फडक्याने पुसणं हे माझं काम होतं. मी हायस्कुलात असतो एवढंच बोलून थांबलो.

“विज्ञानाच्या प्रयोगशाळेत असतो,” दारातून शैला म्हणाली. त्या दिवशी ती माझ्याविषयी बोलली ते एवढंच.

तात्यांनी टोपी नीट केली. ते म्हणाले की उशिराचं एक वेळ सोडून देऊ, पण ज्या घरातला विज्ञानाचा माणूस असा, त्या घरात सोयरीक करायची म्हणजे विचार करावा लागेल. शैलाने दाराची चौकट धरली होती.

“तात्या,” संजय म्हणाला, “आपण मुलगी आणतोय. भाऊ महाडलाच राहणार आहे.”

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग गाडीवरच्या ट्रेकडे, जिथे ‘व अपघात’ आणि ‘सप्रेम भेट’ उन्हात चमकत होतं. आणि तात्या हसायला लागले. फौजेतला माणूस, हसताना टोपी खाली पडली तरी थांबेना. म्हणाले, पाहुणे, चपला काढा, आत या. जळक्या उपरण्यानिशी आण्णा पाटावर बसले आणि अडीचच्या सुमारास सुपारी फुटली. शैला आत जाऊन रडली असं आई नंतर सांगत होती. मी गाडीपाशी उभा राहून रडलो, पण काजळीमुळे कोणाला कळलं नाही.

तात्यांनी ना मानपान मागितला ना काही. अट घातली ती एकच: लग्न वाईला आहे, मुलीच्या भावाने एसटीनं यावं.

लग्नाच्या दिवशी मी पहिल्या गाडीने निघालो आणि मुहूर्ताच्या तीन तास आधी हजर झालो. मांडवात मांडववाल्याशिवाय कोणी नव्हतं. त्याने मला त्याच्याच माणसांपैकी समजून खुर्च्या लावायला सांगितलं, आणि मी दोनशे खुर्च्या लावल्या. मंडळी जमेपर्यंत मी घामाने निथळत होतो, तोंड लाल झालं होतं. शैलाने अंतरपाटाच्या आधी मला बघितलं आणि घाबरून नवऱ्याला म्हणाली, दादाला ताप आलाय का बघा. संजयने सगळ्या वऱ्हाडासमोर माझ्या कपाळावर हात ठेवला.

“अठ्ठ्याण्णव,” तो म्हणाला. “पण आकडा त्यांना सांगू नका, नाहीतर मुहूर्त वीस मिनिटं थांबवतील.”

सगळा मांडव हसला. मीही हसलो. पण खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आधी आला तो प्रश्न एकच: अठ्ठ्याण्णव, पण कुठल्या मापात?